बरं, मग? : सॅम हॅम यांच्या दोन पुस्तकांबद्दल

तीन वर्षांपूर्वी मी आणि माझ्या दोन मित्रांनी सह्याद्रीतल्या एका किल्ल्यासाठी ऑडिओ गाइडचं ॲप बनवलं. तिघंही इंजिनियर. सोमवार ते शुक्रवार दुसऱ्याच्या प्रॉडक्टचा कोड लिहायचा आणि शनिवारी पहाटे सॅक उचलून निघायचं, असं आमचं चाललेलं. ॲपमध्ये २२ थांबे होते. तुम्ही दरवाज्यापाशी पोचलात की जीपीएसवरून फोनला कळायचं आणि तो आपोआप बोलायला लागायचा. मजकूर लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. गॅझेटियर काढलं, चारेक पुस्तकं वाचली, एका अभ्यासकांकडून तपासून घेतलं. बुरुज किती, तटाची लांबी किती, किल्ला कोणत्या साली कोणी घेतला, कोणत्या तहात गेला, परत कधी आला. त्या मजकुरात एकही चूक नव्हती. आजही नाही.

लॉग्ज बघितले तेव्हा कळलं की पहिला थांबा लोक पूर्ण ऐकतात, दुसरा अर्धा ऐकतात आणि तिसऱ्याच्या पुढे जवळपास कोणीच जात नाही.

आम्ही इंजिनियर लोकांनी जे करायचं तेच केलं. बटणं मोठी केली, आवाजाचा दर्जा वाढवला, क्लिप दोन मिनिटांवरून दीड मिनिटावर आणली. काहीही फरक पडला नाही. दोष स्क्रीनमध्ये नाही, माझ्या लिखाणात आहे, हे मान्य करायला मला चार महिने लागले. मग शोधाशोध करताना एका अमेरिकन प्राध्यापकाचं नाव हाती लागलं, ज्यांनी अख्खी कारकीर्द याच एका प्रश्नावर घालवली होती: फिरायला आलेला माणूस आपलं का ऐकेल, आणि ऐकून त्याच्यात काय बदलेल? त्यांचं नाव सॅम हॅम.

हा लेख त्यांच्या दोन पुस्तकांबद्दल आहे. एक १९९२ चं, दुसरं २०१३ चं. मधल्या २१ वर्षांत या माणसाने स्वतःचंच म्हणणं कसं दुरुस्त केलं, ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. आणि दुरुस्त करूनही एक जागा रिकामी राहिली असं मला वाटतं, त्याबद्दल शेवटी.

माहिती केंद्र नावाची गफलत

आधी शब्दाचा घोळ सोडवू. इंग्रजीत या कामाला ‘इंटरप्रिटेशन’ म्हणतात. जंगल, किल्ला, लेणी, रणभूमी, संग्रहालय अशा जागी आलेल्या माणसाला त्या जागेचा अर्थ लागावा म्हणून जे काही बोललं, लिहिलं, दाखवलं जातं, ते सगळं यात येतं. आपल्याकडे अभयारण्याच्या दाराशी ‘नेचर इंटरप्रिटेशन सेंटर’ असतं आणि त्यावर मराठीत बऱ्याचदा ‘निसर्ग माहिती केंद्र’ लिहिलेलं असतं. भाषांतर करणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, रूढ मराठी शब्दच नव्हता. पण या विषयाचा पाया घालणाऱ्या माणसाने पहिल्याच फटक्यात सांगितलं होतं की नुसती माहिती म्हणजे इंटरप्रिटेशन नव्हे.

तो माणूस म्हणजे फ्रीमन टिल्डन. जन्म १८८३ चा. पत्रकारिता केली, कादंबऱ्या लिहिल्या, नाटकं लिहिली. साठीच्या आसपास त्याला या सगळ्याचा कंटाळा आला आणि अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिससाठी तो उद्यानांवर लिहू लागला. १९५७ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्याचं ‘इंटरप्रिटिंग अवर हेरिटेज’ हे छोटं पुस्तक आलं. त्यात सहा तत्त्वं आहेत. त्यातल्या एकाचा सारांश असा की या कामाचं मुख्य उद्दिष्ट शिकवणं नाही, डिवचणं आहे. समोरच्याच्या डोक्यात विचार सुरू झाला पाहिजे.

टिल्डनच्याही आधी एनॉस मिल्स नावाचा वाटाड्या कोलोरॅडोच्या डोंगरांत लोकांना फिरवत होता. रॉकी माउंटन नॅशनल पार्क १९१५ मध्ये झालं, त्यामागच्या धडपडीत तो पुढे होता. १९२० मध्ये त्याने निसर्ग-वाटाड्याच्या अनुभवांवर पुस्तक लिहिलं. पण मिल्स आणि टिल्डन दोघेही अनुभवाने बोलत होते. त्यांचं बरोबर आहे हे वाचताना जाणवतं, पण ते का बरोबर आहे, हे सांगायला त्यांच्याकडे फक्त स्वतःचा हात आणि कान होता. उत्तम कीर्तनकाराला विचारा की लोक का रडले, तर तो पांडुरंगाकडे बोट दाखवेल. तसंच काहीसं.

हॅम यांची कारकीर्द इथून सुरू होते.

मॉस्कोचा प्राध्यापक

मॉस्को म्हणजे रशियातलं नव्हे. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात त्याच नावाचं एक छोटं गाव आहे, तिथे आयडाहो विद्यापीठ आहे. हॅम तिथे वर्षानुवर्षं शिकवत होते. १९८३ मध्ये त्यांनी एक शोधनिबंध लिहिला, ज्यात आकलनाचं मानसशास्त्र आणि इंटरप्रिटेशन यांची गाठ घातली. टिल्डनला जे कळलं होतं ते प्रयोगशाळेतल्या लोकांनी वेगळ्या वाटेने शोधलंय का, असा तो प्रश्न होता.

त्यातला एक धागा आपल्याला लगेच समजेल असा आहे. हॅम श्रोत्यांचे दोन प्रकार करतात. एक बांधलेला, दुसरा मोकळा. वर्गातला विद्यार्थी बांधलेला असतो. कंटाळा आला तरी बसतो, कारण परीक्षा आहे, मार्क आहेत. किल्ल्यावर आलेला माणूस मोकळा असतो. त्याला आवडलं नाही तर तो निघून जातो, आणि निघून गेल्याची कसलीही शिक्षा नाही. गंमत म्हणजे हा एकच माणूस असू शकतो. सकाळी लेक्चरला बांधलेला, संध्याकाळी मोकळा. वर्गातली पद्धत मोकळ्या माणसावर वापरली की तो हरवतो.

हे वाचताना मला माझे २२ थांबे आठवले. मी सगळ्या ट्रेकर्सना बांधलेले विद्यार्थी समजून लिहिलं होतं. ‘इ.स. अमुक मध्ये हा किल्ला तमुक राजवटीच्या ताब्यात आला.’ हे वाक्य फक्त त्यालाच ऐकावंसं वाटेल ज्याला उद्या पेपर आहे. आणि तुम्ही आत्ता हे मोबाइलवर वाचताय, म्हणजे तुम्हीही मोकळेच. अंगठा एकदा वर सरकला की मी संपलो.

१९९२ चं पुस्तक, ‘इन्व्हायरन्मेंटल इंटरप्रिटेशन’, या समजुतीवर उभं आहे. त्याचं उपशीर्षक सांगतं की हे मोठ्या कल्पना आणि छोटं बजेट असणाऱ्यांसाठीचं मार्गदर्शक आहे. ते इंग्रजीसोबत स्पॅनिशमध्येही निघालं. यातच लेखकाचा वाचक कळतो. हा वाचक म्हणजे मोठ्या संग्रहालयाचा क्युरेटर नव्हे, तर खेड्यातला वनरक्षक, हाताने फलक रंगवणारा शिक्षक, पगार न घेता लोकांना फिरवणारी स्वयंसेविका. पुस्तकात सिद्धांत कमी आणि ‘हे असं करा’ जास्त. फलक कसा बनवायचा, चालता चालता कसं बोलायचं, स्वस्तात काय करता येईल. समीक्षेच्या नजरेने पाहिलं तर गद्य साधं आहे, ठिकठिकाणी पाठ्यपुस्तकी आहे. पण त्यात गर्व नाही. विद्यापीठातला माणूस रानातल्या माणसाशी बोलतोय आणि त्याला कमी लेखत नाहीये, हे फार दुर्मिळ आहे.

शेवटचं पहिलं झालं

त्या पुस्तकात चांगल्या इंटरप्रिटेशनचे चार गुण सांगितले होते. ते आनंद देणारं असावं, ऐकणाऱ्याच्या आयुष्याशी संबंध जोडणारं असावं, सुसूत्र असावं आणि त्याला आशयसूत्र असावं. आशयसूत्र यादीत चौथं होतं. पुढे याच गुणांची क्रमवारी बदलून त्यांनी इंग्रजी आद्याक्षरांचं ‘टोर’ हे नाव रूढ केलं, ज्यात आशयसूत्र पहिलं आलं. वरवर ही अक्षरांची अदलाबदल वाटते. पण कोड लिहिणाऱ्या कोणालाही विचारा, प्राधान्यक्रम बदलणं म्हणजे आर्किटेक्चर बदलणं.

आशयसूत्र म्हणजे विषय नव्हे, हा हॅम यांचा सगळ्यात उपयोगी धडा. ‘किल्ल्यावरची पाण्याची टाकी’ हा विषय झाला. त्यात क्रियापद नाही, म्हणणं नाही. आशयसूत्र हे पूर्ण वाक्य असतं आणि ते एका उद्धट प्रश्नाला उत्तर देतं. इंग्रजीत तो ‘सो व्हॉट?’ असा आहे. मराठीत आपण हनुवटी जरा वर करून म्हणतो, ‘बरं, मग?’

या किल्ल्याला सात बुरुज आहेत. बरं, मग? टाकी कातळात कोरलेली आहेत. बरं, मग? माझे २२ च्या २२ थांबे या प्रश्नापुढे आडवे झाले.

आपल्या परंपरेला ही गोष्ट अगदी नवी नाही. वारकरी कीर्तनात कीर्तनकार एक अभंग निरूपणाला घेतो. मग दृष्टांत येतील, विनोद येईल, गावातल्या भांडणाचा उल्लेख येईल, पण फिरून फिरून तो त्या चरणापाशी येतो. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात जे मांडलं तेच उत्तररंगातल्या आख्यानातून अंगावर येतं. माझे आजोबा कीर्तनाहून आले की आजी विचारायची, ‘आज काय सांगितलं बुवांनी?’ आणि आजोबा एका वाक्यात सांगायचे. ते वाक्य म्हणजे आशयसूत्र. मला तर वाटतं की इंटरप्रिटेशनला मराठीत ‘निरूपण’ म्हणावं. ‘निसर्ग निरूपण केंद्र’ असा फलक लागला तर निदान आतल्या माणसाला रोज आठवण राहील की आपल्याला माहिती सांगायची नाहीये.

आणखी एक दुरुस्ती बघा. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये मांडलं होतं की माणूस एका वेळी साधारण सात, दोन इकडे दोन तिकडे, एवढ्या गोष्टी डोक्यात धरू शकतो. हॅम यांनी १९९२ मध्ये त्याची खालची बाजू धरून मुख्य मुद्दे पाच किंवा कमी ठेवा असं सांगितलं. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी दाखवलं की खरी मर्यादा चारच्या आसपास आहे. २०१३ च्या पुस्तकात हॅम यांनी आपला आकडा चारवर आणला. एवढासा बदल. पण हजारो लोक पाचचा आकडा पाठ करून बसलेले असताना, त्याच माणसाने येऊन ‘पाच नाही, चार’ म्हणणं, हे मला संशोधकाचं खरं लक्षण वाटतं. आमच्या क्षेत्रात याला बग फिक्स म्हणतात, आणि तो स्वतःच्या जुन्या कोडमध्ये करणं सगळ्यात जड जातं.

साखळी तुटते कुठे

टिल्डनने पार्क सर्व्हिसच्या एका पुस्तिकेतली एक साखळी लोकप्रिय केली होती. निरूपणातून समज येते, समजेतून आस्था, आस्थेतून रक्षण. ऐकायला इतकी छान आहे की जगभरच्या वनखात्यांची भाषणं यावर चालतात. २००९ मध्ये हॅम यांनी एका निबंधात विचारलं की या साखळीला काही सैद्धांतिक आधार आहे का?

त्यांचं उत्तर अटी घालून ‘हो’ आहे. मानसशास्त्रातलं, विशेषतः फिशबाइन आणि आयझन यांचं, काम असं सांगतं की ढोबळ आस्थेवरून नेमकी कृती ओळखता येत नाही. ‘मला निसर्ग आवडतो’ म्हणणारा माणूस रिकामी बाटली गडावरून खाली आणेलच असं नाही. बाटली खाली आणण्याबद्दल त्याच्या मनात काय समजुती आहेत, त्या बदलल्या तरच ती बाटली खाली येते. म्हणजे प्रेम वाढवण्याचं काम आणि वागणं बदलण्याचं काम ही वेगळी आहेत. दोन्ही एकाच फलकाने होत नाहीत.

याचं एक जळजळीत उदाहरण ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्टचं आहे. तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वीची दगड झालेली लाकडं पडलेली असतात आणि पर्यटक तुकडे खिशात घालून नेतात. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथे वेगवेगळ्या पाट्या लावून बघितल्या. ज्या पाटीवर ‘आजवर अनेकांनी लाकूड नेलं, त्यामुळे जंगल बिघडलं’ असा आशय होता, तिथे खुणा केलेल्या तुकड्यांपैकी जवळपास ८ टक्के चोरीला गेले. ‘कृपया नेऊ नका’ असं साधं सांगणाऱ्या पाटीपाशी २ टक्क्यांहूनही कमी. पहिल्या पाटीची कळकळ खरी होती, पण तिने नकळत सांगितलं की सगळेच नेतात. आपल्या गडांवरच्या ‘लोक इथे कचरा करतात, नावं कोरतात’ अशा हताश पाट्या आठवून बघा.

हॅम यांनी स्वतः रॉबर्ट पॉवेल यांच्यासोबत गॅलापागोस बेटांवर पर्यटकांचा अभ्यास केला, जो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. जहाजावरच्या पाहुण्यांना बेटांवर पाय ठेवण्याआधी आणि सहलीनंतर विचारलं गेलं. चांगल्या निरूपणानंतर त्यांचं ज्ञान वाढलं, बेटांच्या व्यवस्थापनाबद्दलचा दृष्टिकोन सुधारला, संवर्धनाला मदत करण्याचा इरादाही वाढला. इथे ‘इरादा’ या शब्दावर थांबायला हवं. सहलीच्या शेवटच्या दिवशी, समुद्रसिंहांचे फोटो अजून फोनमध्ये गरम असताना, इरादा सगळ्यांचाच असतो. शिवाय गॅलापागोसला जहाजाने जाणारा पर्यटक खिशाने आणि मनाने आधीच तयार झालेला. एसटीने येऊन वडापाव खाऊन गड चढणाऱ्या पोरापर्यंत हा निष्कर्ष सरळ ओढता येणार नाही.

पकड सैल होते

२०१३ चं पुस्तक, ‘इंटरप्रिटेशन: मेकिंग अ डिफरन्स ऑन पर्पज’, जास्त जाड आहे, जास्त सैद्धांतिक आहे आणि माझ्या मते जास्त प्रामाणिक आहे. पहिल्या पुस्तकाचा सूर असा होता की तुमचं आशयसूत्र पाहुण्याच्या डोक्यात पोचलं पाहिजे. दुसऱ्या पुस्तकात हॅम मान्य करतात की पाहुणा स्वतःचं आशयसूत्र स्वतः बनवतो. तुम्ही फक्त ठिणगी टाकता. शिकवणं, रंजन करणं आणि विचाराला डिवचणं, ही तीन वेगळी उद्दिष्टं त्यांनी वेगळी मांडली आणि तिसऱ्याला आपलं म्हटलं. पन्नासहून अधिक वर्षांनी टिल्डन बरोबर निघाला, पण आता कारणांसकट.

याच पुस्तकात ‘सहनशीलतेचा पट्टा’ अशी एक कल्पना आहे. पाहुण्याच्या मनात जो विचार आला, तो आपल्या म्हणण्यापासून किती लांब असला तर चालेल? कधी काहीही चालेल, विचार केला यातच सगळं आलं. कधी पट्टा रुंद असेल, कधी अगदी अरुंद. समजा तुम्ही नरसंहाराच्या स्मारकात काम करताय आणि कोणी बाहेर पडताना म्हणालं, ‘बरंच झालं की!’ तर ‘त्याने विचार तर केला’ म्हणून समाधान मानता येणार नाही.

माझ्यासारख्याला हे पुस्तक थोडं अस्वस्थही करतं. पेटी आणि कॅसिओपो यांनी मन वळण्याच्या दोन वाटा सांगितल्या होत्या. एक खोल विचाराची, दुसरी वरवरच्या खुणांची. हॅम त्यांना बळकट वाट आणि झटपट वाट म्हणतात. आता ही मानसशास्त्राची शिदोरी फक्त वनरक्षकाकडे नाही. ती आमच्या ऑफिसातही आहे. नोटिफिकेशनचा मजकूर ठरवताना, ‘फक्त दोन शिल्लक’ असं लाल अक्षरात लिहिताना, आम्ही झटपट वाटच वापरतो. मोकळ्या श्रोत्याला धरून ठेवायचं शास्त्र सगळ्यात जास्त जर कोणी वापरलं असेल तर ते तुमच्या हातातल्या फोनने. हॅम बळकट वाटेच्या बाजूने उभे राहतात, विचार करायला लावून झालेला बदल टिकतो असं सांगतात. पण हा युक्तिवाद बराचसा टिकाऊपणाचा आहे. झटपट वाट उद्या टिकाऊ ठरली तर ती चालेल का? समोरच्याचा मान राखायचा म्हणून विचाराची वाट घ्यायची, हे मला पुस्तकात आणखी ठणकावून ऐकायचं होतं.

वाक्य कोणाचं?

आता त्या रिकाम्या जागेकडे येतो.

हॅम वाचल्यावर मी पुन्हा किल्ल्यावर गेलो. टाक्यांपाशी एक मावशी ताक विकतात. आमची तोंडओळख होतीच. मी ताक पीत पीत विचारलं, ‘मावशी, या गडाचं एका वाक्यात सांगायचं तर काय सांगाल?’ त्या क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, ‘पाणी संपलं की गड पडतो, दादा. तोफेनं न्हाई पडत.’

मी अक्षरशः उठून उभा राहिलो. पूर्ण वाक्य, क्रियापदासकट. ‘बरं, मग?’ला आधीच उत्तर. आणि उन्हाने घसा कोरडा पडलेल्या माणसाला लगेच भिडणारं. आम्ही २२ थांबे काढून टाकले आणि चार ठेवले. चारही पाण्याभोवती. मावशींना विचारून त्यांच्याच आवाजात ते वाक्य रेकॉर्ड केलं. लोक शेवटपर्यंत ऐकू लागले. आम्ही तिघांनी त्या रात्री पार्टी केली.

दोन महिन्यांनी गेलो तेव्हा मावशींनी ताक दिलं, पैसे घेतले आणि शांतपणे म्हणाल्या, ‘दादा, तुमच्या फोनमध्ये मी बोलते म्हनं. पण आता पोरं कानात घालून जात्यात. माझ्याशी बोलाय कोन थांबत न्हाई.’

टोरच्या सगळ्या कसोट्यांवर आमचं काम पास होतं. आशयसूत्र होतं, संबंध होता, रचना होती, मजाही होती. पण या चारही कसोट्या ऐकणाऱ्याच्या बाजूने लावलेल्या आहेत. ‘संबंध’ म्हणजे पाहुण्याशी संबंध. ज्यांची ती जागा आहे, ज्यांच्या तोंडचं ते वाक्य आहे, त्यांची जागा या सूत्रात कुठे आहे? हॅम यांची पुस्तकं चांगलं वाक्य कसं शोधावं हे शिकवतात. ते वाक्य बोलण्याचा हक्क कोणाचा, यावर त्यांचा भर नाही.

हा प्रश्न माझ्या ताकवाल्या मावशींपुरता नाही. हॅम यांच्याच देशात, माँटाना राज्यात, १८७६ च्या लढाईची एक जागा आहे. लाकोटा, शायान आणि अरापाहो योद्ध्यांनी तिथे कस्टर या सेनाधिकाऱ्याच्या तुकडीचा पराभव केला. कित्येक दशकं त्या राष्ट्रीय स्मारकाला हरलेल्या कस्टरचंच नाव होतं. १९९१ मध्ये कायदा करून ते बदललं आणि ‘लिटल बिगहॉर्न’ झालं. १९९९ पासून तिथे पडलेल्या मूळ रहिवासी योद्ध्यांसाठी लाल ग्रॅनाइटचे दगड बसवले जाऊ लागले. त्यांचं स्मारक २००३ मध्ये खुलं झालं. तोवरही तिथे आशयसूत्र होतंच. ‘शूर सैनिक शेवटपर्यंत लढले’ हे पूर्ण वाक्य आहे, भावनेला हात घालणारं आहे, लक्षात राहणारं आहे. निरूपणाच्या तंत्रात त्याला नापास करता आलं नसतं. ते बदललं ते मूळ रहिवाशांनी वर्षानुवर्षं विचारलेल्या प्रश्नामुळे. हे वाक्य कोणी लिहिलं, असा तो प्रश्न होता.

आणखी एक गोष्ट मला नंतर खटकली. मावशींचं वाक्य सुंदर आहे, पण पूर्ण खरं नाही. किल्ले फितुरीने पडले, दोर लावून चढलेल्या माणसांनी घेतले. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तर २३ किल्ले एका कागदावर गेले, तिथे टाकी भरलेली होती की रिकामी याचा काही संबंध नव्हता. एक धारदार आशयसूत्र निवडलं की बाकीचा इतिहास त्याच्या सावलीत जातो. कीर्तनकाराला ते माफ आहे, कारण पुढच्या आठवड्यात तो दुसरा अभंग घेणार असतो. फलक मात्र तीस वर्षं तसाच उभा राहतो. हॅम एका जागेला अनेक आशयसूत्रं असू शकतात हे नाकारत नाहीत. पण त्यांचं तंत्र हाती आलेला उत्साही माणूस, म्हणजे मी, एक सापडलं की थांबतो.

आता काय

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. आता फलक येतील, क्यूआर कोड येतील, ॲप येतील. त्यातली काही माझ्यासारखीच पोरं बनवतील. त्यांनी हॅम यांचं १९९२ चं पुस्तक आधी वाचावं, कारण ते हात धरून शिकवतं. मग २०१३ चं वाचावं, कारण ते पहिल्याची पकड सैल करतं. आणि दोन्ही वाचून झाल्यावर गडावरच्या माणसांना विचारावं की हे वाक्य मी घेऊ का, आणि घेतलं तर तुमचं काय जाईल?

आमच्या ॲपमधून मावशींचा आवाज आम्ही काढला. त्या थांब्यावर आता फोन एवढंच म्हणतो, ‘इथे फोन खिशात ठेवा. टाक्यांबद्दल मावशींना विचारा.’ मावशी नसल्या तर? परवा एका ट्रेकरने रिव्ह्यूमध्ये एक स्टार देऊन लिहिलं, ‘मावशी नव्हत्या, ॲप अर्धवट आहे.’

त्याचं बरोबर आहे. मी अजून त्याला उत्तर दिलेलं नाही.